उधारीची वही आणि मेकफाइल: जीटीके ॲप एका आज्ञेत कसं बांधायचं

मामाच्या किराणा दुकानासाठी मी उधारीची वही ठेवणारं एक छोटं डेस्कटॉप ॲप लिहिलं होतं. सी भाषा, खिडक्या-बटणांसाठी जीटीके 4, नोंदी एसक्यूलाइटमध्ये. एका रविवारी गिऱ्हाइकाच्या नोंदीत फोन नंबर वाढवला, कंपाइल केलं, ॲप उघडलं, आणि पाहतो तर चाचणीसाठी घातलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाच्या नावावर सुमारे 94,000 कोटी रुपयांची उधारी. बंद करून पुन्हा उघडलं तर आकडा किंचित वेगळा, पण तितकाच अवाढव्य.

दोन तास मी खाते.सी मधली बेरीज-वजाबाकी तपासत बसलो. तिथे काहीच चुकलं नव्हतं. गिऱ्हाइकाची रचना खाते.एच या हेडरमध्ये होती आणि तिच्यात मी ‘बाकी’च्या आधी ‘फोन’ घुसवला होता. खाते.सी मध्ये बदल केल्यामुळे ती नव्याने कंपाइल झाली. विंडो.सी ला मी हात लावला नव्हता, त्यामुळे तिची जुनी .ओ फाइल, म्हणजे आधीच कंपाइल झालेला तुकडा, तशीच जोडली गेली. ती जुन्याच जागी बाकी शोधत होती, आणि त्या जागी आता फोनच्या मजकुराचा मेमरीतला पत्ता बसला होता. पत्ता म्हणजे एक भलामोठा आकडा. तो पैसे समजून शंभराने भागला की 94,000 कोटींच्या आसपास येतो. लिनक्स प्रोग्रॅमला दर वेळी मेमरीत वेगळी जागा देतं, म्हणून आकडाही दर वेळी बदलत होता.

मेक हे फक्त गरज असलेल्या फाइली पुन्हा कंपाइल करणारं साधन; त्याचा जन्म याच दुखण्यातून झाला आहे. 1976 साली बेल लॅब्जमध्ये यॅक या पार्सर बनवणाऱ्या साधनाचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन वैतागून स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे आले. बरोबर असलेला प्रोग्रॅम तपासण्यात त्यांची सकाळ वाया गेली होती. चूक केव्हाच दुरुस्त झाली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. फेल्डमन स्वतःही आदल्या संध्याकाळी अशाच भानगडीत अडकले होते. त्यातून मेक निघालं, आणि त्यासाठी 2003 साली फेल्डमन यांना एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

माझ्याकडेही तेव्हा मेकफाइल, म्हणजे मेकसाठीच्या नियमांची फाइल, होती, ही यातली लाजेची गोष्ट. पण ती मी आज्ञांची यादी समजून लिहिली होती. मेकफाइल म्हणजे कोणती फाइल कुणावर अवलंबून आहे याचा कबुलीजबाब. त्यात एक गोष्ट लपवली की मेक खुशाल शिळा माल हातात देतं. खाली तेच ॲप पायरीपायरीने बांधू.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एकदाच सांगतो. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंका. फाइलींची एक्स्टेन्शनं .सी, .एच, .ओ, .डी हीही लहान अक्षरांत. -वॉल मधलं पहिलं अक्षर, -एमएमडी, -एमपी, -आय आणि -बी मात्र मोठ्या अक्षरांत. ‘→’ दिसेल तिथे टॅब दाबायचा. फाइलींची आणि व्हेरिएबलची नावं तुमच्या मनाची ठेवा. जीएनयू मेकला देवनागरी नावंही चालतात, पण प्रकल्पावर चार लोक असतील तर रोमनच बरी.

सामान

उबुंटू किंवा डेबियनवर एपीटीने बिल्ड-इसेन्शियल, लिबजीटीके-4-डेव्ह, लिबएसक्यूलाइट3-डेव्ह आणि गेटटेक्स्ट ही पॅकेजेस घ्या. कंपायलर आणि मेक पहिल्यातच येतात. विंडोजवर एमएसवायएस2 मधून हेच सगळं मिळतं. मॅकवाल्यांनी मात्र सावध राहा: ॲपलबरोबर येणारं मेक 3.81 आवृत्तीचं, म्हणजे 2006 सालचं आहे. होमब्रूमधून नवं घ्या. ते ‘जीमेक’ या नावाने चालतं.

फोल्डर चार: कोडसाठी एसआरसी, खिडकीच्या .यूआय फाइलींसाठी डेटा, भाषांतरासाठी पीओ, आणि बिल्ड. बिल्डमध्ये हाताने काहीही ठेवायचं नाही आणि गिटमध्येही ते घालायचं नाही. ते कधीही पुसता आलं पाहिजे.

पहिली मेकफाइल

उधारी: मेन.सी विंडो.सी खाते.सी
→ जीसीसी -ओ उधारी मेन.सी विंडो.सी खाते.सी

कोलनच्या डावीकडे काय हवं (टार्गेट), उजवीकडे ते कशावर अवलंबून आहे, आणि खाली ते कसं बनवायचं (रेसिपी). मेक फक्त फाइलींच्या तारीख-वेळा बघतं. उजवीकडची एकही फाइल डावीकडच्यापेक्षा नवी असेल किंवा डावीकडची फाइलच नसेल, तर खालची आज्ञा चालते. नाहीतर ‘अप टू डेट’ म्हणून मोकळं. आत काय बदललं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. टिप्पणीत एक स्वल्पविराम घातला तरी फाइल नवीच.

दुसरी ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी. आठ स्पेस दिसायला तशाच दिसतात, पण मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून थांबतं. फेल्डमन यांनी हे तेव्हा सोपं पडलं म्हणून ठरवलं होतं. पुढे ते बदलावंसं वाटलं तेव्हा डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांना दुखवायला नको, म्हणून टॅब राहिला. त्या डझनभरांची सोय आपण अजून सोसतोय. व्हॉट्सॲपवरून किंवा वेबपेजवरून चिकटवलेल्या मेकफाइलमध्ये टॅबचे स्पेस हमखास होतात. शंका आली की ‘कॅट -ए’ ने फाइल बघा, इथलं ए मोठं: खऱ्या टॅबच्या जागी टोपीचं चिन्ह आणि आय दिसतो.

खरी मेकफाइल

वरच्या फाइलीची रचना बरोबर आहे, पण एक ओळ बदलली तरी तिन्ही फाइली पुन्हा कंपाइल होतात. शिवाय जीटीकेच्या हेडर फाइली कुठे आहेत हे जीसीसीला माहीत नाही. ते पीकेजी-कॉन्फिग हे साधन सांगतं.

पॅकेजेस := जीटीके4 एसक्यूलाइट3
फ्लॅग्ज := -जी -वॉल -आयबिल्ड $(शेल पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज $(पॅकेजेस))
लिब्ज := $(शेल पीकेजी-कॉन्फिग --लिब्ज $(पॅकेजेस))
स्रोत := $(वाइल्डकार्ड एसआरसी/*.सी)
वस्तू := $(स्रोत:एसआरसी/%.सी=बिल्ड/%.ओ)

सगळं: बिल्ड/उधारी

बिल्ड/उधारी: $(वस्तू)
→ जीसीसी -ओ $@ $^ $(लिब्ज)

बिल्ड/%.ओ: एसआरसी/%.सी | बिल्ड
→ जीसीसी $(फ्लॅग्ज) -एमएमडी -एमपी -सी $< -ओ $@

बिल्ड:
→ एमकेडीर -पी $@

-इन्क्लूड $(वस्तू:.ओ=.डी)

$@ म्हणजे जे बनवायचं ते, $< म्हणजे उजवीकडची पहिली फाइल, $^ म्हणजे उजवीकडच्या सगळ्या. चिन्हं विचित्र वाटतात, पण ही तीन अंगवळणी पडली की पुरे.

‘:=’ आणि नुसतं ‘=’ यात फरक आहे. ‘:=’ लिहिलं की पीकेजी-कॉन्फिग एकदाच चालतं. नुसतं ‘=’ लिहिलं तर फ्लॅग्ज जिथे जिथे वापरले जातील तिथे दर वेळी, म्हणजे चाळीस फाइली कंपाइल करताना चाळीस वेळा. लिब्ज ओळीच्या शेवटी आहेत तेही मुद्दाम. त्या .ओ फाइलींच्या आधी लिहिल्या तर उबुंटूवर लिंकर (.ओ फाइली आणि लायब्ररी जोडणारा प्रोग्रॅम) ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’चा पाऊस पाडतो, कारण त्या क्षणी कुणालाच त्या लायब्ररीची गरज नसते आणि तो तिला सोडून पुढे जातो.

बिल्डच्या आधीचा उभा दांडा सहज नजरेतून सुटतो. फोल्डरमध्ये नवी फाइल आली की फोल्डरची वेळही बदलते. दांडा नसता तर मेकला बिल्ड फोल्डर कायम नवं वाटलं असतं आणि .ओ फाइली विनाकारण पुन्हा बनत राहिल्या असत्या. ‘हे आधी असायला हवं, पण त्याची वेळ बघू नकोस’ असा त्या दांड्याचा अर्थ.

आता 94,000 कोटींचा उपाय. मेकला सी भाषा कळत नाही, त्यामुळे विंडो.सी च्या आत खाते.एच आहे हे त्याला आपणहून कळायचा मार्ग नाही. हे हाताने लिहून ठेवायला गेलात तर महिन्याभरात एखादं हेडर राहतंच. माझंही तसंच राहिलं होतं. पण कंपायलरला सगळं माहीत असतं, कारण ती हेडर तोच उघडतो. -एमएमडी म्हटलं की तो विंडो.ओ बरोबर विंडो.डी नावाची छोटी फाइल बनवतो आणि तिच्यात आपण कोणकोणती हेडर वाचली ते मेकच्याच भाषेत लिहितो. शेवटची ओळ त्या सगळ्या .डी फाइली आत ओढून घेते. पहिल्या वेळी त्या नसतात, म्हणून इन्क्लूडच्या आधी वजाचं चिन्ह: नसतील तर गप्प बस. -एमपी कशाला? उद्या एखादं हेडर पुसलं तर जुन्या .डी फाइलीत त्याचं नाव उरतं आणि ‘ही फाइल बनवायची कशी ते माहीत नाही’ म्हणून मेक अडतं. -एमपी त्या प्रत्येक हेडरसाठी एक रिकामा नियम लिहून ठेवतो.

प्रयोग करून बघा. सगळं बिल्ड करा, मग ‘टच एसआरसी/खाते.एच’ आणि पुन्हा ‘मेक’. ते हेडर वापरणाऱ्या सगळ्या फाइली, आणि फक्त त्याच, कंपाइल होताना दिसल्या पाहिजेत.

खिडकीचा आराखडा

डेस्कटॉप ॲपचं मेक इथे कमांड लाइनच्या प्रोग्रॅमपेक्षा वेगळं होतं. खिडकीची मांडणी विंडो.यूआय या एक्सएमएल फाइलीत, चित्रं वेगळी, आणि हे सगळं ॲपच्या पोटात भरायचं असतं. जीलिब-कंपाइल-रिसोर्सेस हे हत्यार त्यांची एक सी फाइल करतं.

नवशिक्यांचा नियम सहसा एवढाच असतो की रिसोर्सेस.सी ही उधारी.जीरिसोर्स.एक्सएमएल वर अवलंबून. पण त्या एक्सएमएलमध्ये फक्त नावांची यादी असते. तुम्ही विंडो.यूआय मध्ये बटणाचा मजकूर ‘जमा’चा ‘जमा करा’ केलात तर यादी बदलत नाही, मेक ढिम्म हलत नाही आणि खिडकीत ‘जमा’च दिसत राहतं. मग लोक चिडून सगळं पुसतात आणि नव्याने बिल्ड करतात. इथेही यादी त्या हत्यारालाच विचारायची:

यूआय := $(शेल जीलिब-कंपाइल-रिसोर्सेस --सोर्सडिर=डेटा --जनरेट-डिपेन्डन्सीज डेटा/उधारी.जीरिसोर्स.एक्सएमएल)
वस्तू += बिल्ड/रिसोर्सेस.ओ

बिल्ड/रिसोर्सेस.सी: डेटा/उधारी.जीरिसोर्स.एक्सएमएल $(यूआय) | बिल्ड
→ जीलिब-कंपाइल-रिसोर्सेस --जनरेट-सोर्स --सोर्सडिर=डेटा --टार्गेट=$@ $<

बिल्ड/%.ओ: बिल्ड/%.सी
→ जीसीसी $(फ्लॅग्ज) -सी $< -ओ $@

पहिल्या दोन ओळी मेकफाइलच्या वरच्या भागात, बाकी व्हेरिएबलच्या शेजारी ठेवा. कोलनच्या उजवीकडचं नाव मेक ती ओळ वाचतानाच उलगडतं. ‘वस्तू +=’ जर उधारीच्या नियमाच्या खाली लिहिलं, तर रिसोर्सेस.ओ त्या नियमात पोचतच नाही. ॲप नीट लिंक होतं, सुरू होतं आणि खिडकी सापडली नाही म्हणून पडतं. कुठल्याही ओळीत चूक दिसत नाही. चूक ओळींच्या क्रमात असते.

मराठी भाषांतर

ॲपमधली मूळ वाक्यं इंग्रजीत आणि मराठी वेगळी, अशी रीत ठेवली तर गेटटेक्स्ट हे भाषांतराचं साधन वापरायचं. पीओ फोल्डरमधल्या एमआर.पीओ पासून .एमओ फाइल बनवणारा नियम सोपा आहे:

बिल्ड/एमआर.एमओ: पीओ/एमआर.पीओ | बिल्ड
→ एमएसजीएफएमटी -सी -ओ $@ $<

‘सगळं’च्या ओळीत बिल्ड/एमआर.एमओ जोडा. इथलं -सी गाळू नका, मराठीला ते फार लागतं. इंग्रजीत ‘इतके रुपये अमक्याकडून येणे’ असा क्रम असतो: आधी आकड्याची खूण, मग नावाची. मराठीत नाव आधी येतं. भाषांतर करणाऱ्याने खुणांचा क्रम सरळ उलटा लिहिला तर ॲप आकड्याला मजकुराचा पत्ता समजतं आणि कोसळतं, तेही फक्त मराठीत चालवणाऱ्याकडे. क्रम बदलायचा तर खुणांना नंबर द्यावे लागतात: टक्क्याच्या चिन्हानंतर 2 आणि डॉलर घातला की दुसरी किंमत आधी येते. नंबर न देता क्रम बदलला असेल तर -सी बिल्ड तिथेच थांबवतं. दुकानात ॲप पडण्यापेक्षा माझ्या टर्मिनलमध्ये बिल्ड पडलेलं बरं.

कोडमधून नवी वाक्यं गोळा करून एमआर.पीओ अद्ययावत करणं मात्र रोजच्या बिल्डमध्ये घालू नका. ‘मेक भाषांतर’ असं वेगळं टार्गेट ठेवा. हाताने लिहिलेली फाइल बिल्डने आपणहून बदलली की गिटमध्ये रोज विनाकारण फरक दिसतात, आणि भाषांतर करणारा माणूस वैतागतो.

नावापुरती टार्गेट

.फोनी: सगळं साफ चालवा चाचणी इन्स्टॉल जबरी
.डिलीट_ऑन_एरर:

साफ:
→ आरएम -आरएफ बिल्ड

चालवा: सगळं
→ ./बिल्ड/उधारी

.फोनी, .डिलीट_ऑन_एरर ही खास नावं रोमन मोठ्या अक्षरांत. फोनी नसताना ‘चाचणी’ नावाचं फोल्डर केलंत, तर ‘मेक चाचणी’ म्हणेल की चाचणी तर अप टू डेट आहे. दुसरं खास नाव अर्धवट फाइलींसाठी: एखादी आज्ञा निम्मी फाइल लिहून मधेच पडली तर मेक ती फाइल पुसतं. नाहीतर पुढच्या वेळी ती अर्धवट फाइल नवीकोरी म्हणून खपून जाते.

रेसिपीतली प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालते हेही इथेच सांगून टाकतो. एका ओळीत ‘सीडी डेटा’ केलंत तरी पुढची ओळ पुन्हा मूळ फोल्डरमध्येच असते. दोन्ही एकाच ओळीत, मधे && घालून लिहा.

इन्स्टॉलमध्ये ॲप, .डेस्कटॉप फाइल, आयकॉन आणि .एमओ फाइल आपापल्या जागी ठेवायची. जागेच्या आधी नेहमी $(डेस्टडिर)$(प्रीफिक्स) लावायचं. दोन्ही नावं रोमन मोठ्या अक्षरांत, कारण पॅकेज बनवणारे लोक तीच शोधतात. प्रीफिक्स नेहमीचा /यूएसआर/लोकल. आणि आधी साधं ‘मेक’, मगच ‘सुडो मेक इन्स्टॉल’. थेट सुडोने बिल्ड केलं तर बिल्ड फोल्डरमधल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याच फोल्डरमध्ये तुम्हाला लिहिता येत नाही.

प्रोसेसरचे सगळे गाभे एकदम

‘मेक -जे4’ म्हटलं की चार कामं एकदम चालतात. वेळ वाचतो हे झालंच, पण मला त्याचा दुसरा उपयोग जास्त वाटतो: लपवलेली अवलंबित्वं उघडी पडतात.

ॲपच्या ‘माहिती’ खिडकीत आवृत्ती दाखवायला मी गिटवरून आवृत्ती.एच बनवत होतो. ‘सगळं’च्या ओळीत आधी आवृत्ती.एच, मग उधारी. एकेक काम करताना हेडर आधी बनायचं आणि सगळं सुरळीत. -जे4 देताच मेन.सी कंपाइल व्हायला हेडरच्या बरोबरीने धावली आणि ‘अशी फाइल नाही’ म्हणून पडली. पहिल्या बिल्डला .डी फाइली नसतात, म्हणजे हे नातं मेकला ठाऊकच नव्हतं. ते सांगावं लागतं:

$(वस्तू): | बिल्ड/आवृत्ती.एच

बिल्ड/आवृत्ती.एच: जबरी | बिल्ड
→ @इको '#डिफाइन आवृत्ती "$(शेल गिट डिस्क्राइब --टॅग्ज --ऑलवेज)"' > $@.नवी
→ @सीएमपी -एस $@.नवी $@ || एमव्ही $@.नवी $@

जबरी:

‘जबरी’ नावाची फाइल कधीच नसते, त्यामुळे हा नियम दर वेळी चालतो. पण नवी आवृत्ती जुन्यासारखीच असेल तर मूळ हेडरला हात लागत नाही, त्याची वेळ बदलत नाही, आणि मेन.सी पुन्हा कंपाइल होत नाही. लिनक्स कर्नलच्या बिल्डमध्येही अशीच युक्ती आहे. फ्लॅग्ज बदलले तरी मेकला कळत नाही, ही तक्रारही याच वाटेने सुटते: फ्लॅग्ज एका फाइलीत असेच लिहा आणि .ओ फाइलींना तिच्यावर अवलंबून ठेवा, इथे मात्र दांड्याशिवाय.

मेक 4.4 पासून --शफल आहे. ते कामांचा क्रम मुद्दाम विस्कटतं, त्यामुळे असली नाती लवकर सापडतात.

अडलं तर

‘मेक -एन’ आज्ञा न चालवता नुसत्या दाखवतं. ‘मेक --ट्रेस’ कोणत्या फाइलीमुळे काय पुन्हा बनलं ते सांगतं. मी बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करतो. ‘मेक -बी’ सगळं नव्याने बांधतं, पण त्याची वारंवार गरज पडत असेल तर मेकफाइल काहीतरी लपवते आहे.

ॲप मोठं झालं, तीन ऑपरेटिंग सिस्टिमवर द्यायचं झालं, तर मेसन या बिल्ड साधनाकडे जा. ग्नोम डेस्कटॉपचे प्रकल्प तेच वापरतात आणि वरच्यातलं पुष्कळसं ते स्वतः करतं. दहा-वीस फाइलींच्या ॲपला मात्र मला साठ ओळींची मेकफाइलच बरी वाटते; तिच्यात काय चाललंय ते एका नजरेत दिसतं.

आपल्याकडे खास दिसणारी एक अडचण राहिली. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलं की विंडोज मशिनच्या घड्याळात भारतीय वेळ लिहून ठेवतं, लिनक्स ती जागतिक वेळ समजतं आणि साडेपाच तास पुढे पळतं. तेवढ्यात दोन फाइली सेव्ह झाल्या, मग इंटरनेट जोडलं आणि घड्याळ ताळ्यावर आलं, की त्या फाइली भविष्यात राहतात. मेक ‘क्लॉक स्क्यू’चा इशारा देतं आणि फाइलीची वेळ सुमारे 19,800 सेकंद पुढची असल्याचं सांगतं. साडेपाच तासांचे सेकंद तेवढेच होतात. घड्याळ त्या वेळेपर्यंत पोचेतोवर त्या फाइली .ओ पेक्षा नव्याच दिसतात, म्हणून दर मेकला त्याच दोन कंपाइल होत राहतात. घड्याळ बरोबर आहे ना ते बघा, मग ‘टच एसआरसी/*’ आणि ‘टच डेटा/*’ करून एकदा ‘मेक’ चालवा. सगळं एकदा नव्याने कंपाइल होईल. लगेच पुन्हा ‘मेक’ केलंत तर एकही फाइल कंपाइल व्हायला नको.